निरोपाचा तुलनात्मक अभ्यास

डॉ. ईरज सालारवंद हमदानच्या एका विद्यापीठात कैक वर्षं अमेरिकन कादंबरी शिकवत आले होते. अमेरिका त्यांनी पाहिली नव्हती. एकदा व्हिसासाठी शेजारच्या देशातल्या वकिलातीत गेले होते, तेव्हा काचेमागच्या बाईनं त्यांचा कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि ‘नाही’ म्हटलं. या एका शब्दावर त्यांचं अमेरिकन स्वभावाविषयीचं पहिलं व्याख्यान उभं होतं.

“अमेरिकन माणूस नाही म्हणतो आणि पुढच्याला हाक मारतो,” ते वर्गात सांगत. “आपल्याला नाही म्हणायचं तर आधी चहा मांडावा लागतो.”

मुलं हसत. मुलं दरवर्षी बदलत असल्यामुळं विनोद बदलायची गरज पडली नव्हती.

कामयार लोहरासबी हा एकच विद्यार्थी असा निघाला, की जो हसला नाही आणि तास संपल्यावर मागं थांबला. उंच, किडकिडीत, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडं बघणारा.

“उस्ताद,” तो म्हणाला, “कथांमधून निघून जाणारी माणसं बघा. अमेरिकन कथेतला माणूस जेवणावरून उठतो, गाडी काढतो, जातो. आत बायको ताटल्या पुसत असते. प्रकरण संपलं. आपल्या कथेतला माणूस जायच्या आधी मावशीकडं जातो, रोट्या भाजणाऱ्या नानवायाकडं जातो, जुन्या मास्तरांकडं जातो. सगळ्यांची माफी घेतो. सगळे त्याला चहा पाजतात. आणि एकही जण विचारत नाही, की बाबा रे, निघालास कुठं?”

“वा!” उस्ताद म्हणाले. “यात प्रबंध आहे.”

त्यांना कशातही प्रबंध दिसे. बायकोच्या गुडघेदुखीतही त्यांनी एकदा दोन पाश्चात्त्य संदर्भ काढून दाखवले होते.

‘जाणं’ म्हणजे कुठं जाणं, हे दोघांनाही पक्कं माहीत होतं. कामयारनं निवडलेली सगळी माणसं जीव द्यायला निघालेली होती. पण विभागाच्या समितीला तो शब्द मथळ्यात नको होता, म्हणून त्याच्या जागी ‘निरोप’ आला. ‘फारसी आणि अमेरिकन कथेतील निरोप.’ समितीला वाटलं, बसस्टँडवरचं काहीतरी असेल. मंजुरी मिळाली.

पुढं दोन वर्षं कामयार लिहीत राहिला आणि उस्ताद तपासत राहिले. लाल पेन हातात घेतलं की त्यांना मजकूर दिसेनासा व्हायचा आणि स्वल्पविराम दिसायला लागायचे. कामयारनं तिसऱ्या प्रकरणात लिहिलं, की फारसी कथेतला माणूस माफी मागताना एक क्रम पाळतो. आधी लांबच्यांची, मग जवळच्यांची, आईबापाची सगळ्यांत शेवटी. उस्तादांनी समासात लिहिलं, ‘सुंदर निरीक्षण. पुरावा?’ कामयारनं शेवटच्या प्रकरणात लिहिलं, की दोन्ही साहित्यांतलं साम्य जाणाऱ्या माणसात नाही, मागं राहणाऱ्या घरात आहे. एका घरात शांतता फार, दुसऱ्या घरात शब्द फार, आणि ऐकू कुठंच येत नाही. उस्तादांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि ‘किंचित भावुक’ असा शेरा मारला.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेचा दिवस बुधवारचा होता. कामयारचे वडील असद आगा, मलायरच्या रस्त्यावर मिनीबस चालवणारे, लग्नातला कोट घालून पहिल्या रांगेत बसले होते. रीतीप्रमाणं फळं, काकड्या आणि बाकलावा त्यांनीच आणला होता. काकड्यांवर पाणी मारायला ते दर दहा मिनिटांनी उठत आणि परीक्षकांची माफी मागून पुन्हा बसत. कामयारची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. तिची खुर्ची कुणी मांडली नव्हती, पण असद आगांनी बाजूच्या खुर्चीवर कुणाला बसूही दिलं नाही.

तेहरानहून आलेले परीक्षक चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “सगळं ठीक आहे. पण ही माणसं जातात का, याचं कारण सिद्ध होत नाही.”

“नेमकं कारण सापडत नाही साहेब,” कामयार त्यांच्या खांद्याकडं बघत म्हणाला. “सापडलं असतं तर बहुतेक ती थांबली असती.”

“हे उत्तर झालं नाही.”

“नाही साहेब.”

वीसपैकी साडेसतरा गुण मिळाले. अर्धा गुण कारणाचा गेला. टाळ्या झाल्या, काकड्या वाटल्या गेल्या, असद आगांनी परीक्षकांच्या खिशात बळंच बाकलावा कोंबला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी कामयार उस्तादांच्या घरी आला. हातात कोमाजच्या गोड पावांचा खोका. उस्तादांनी ‘कशाला आणलंस’ तीनदा म्हटलं, कामयारनं ‘काहीच नाही हो’ तीनदा म्हटलं, मग दोघे बसले. चहा झाला. पुढं काय करणार, असं उस्तादांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढं काय करावं यावर बोलले. हे तुलनात्मक काम पुस्तकरूपानं यायला हवं. प्रस्तावना मी लिहीन. स्वल्पविराम बघावे लागतील.

कामयार उठला. “उस्ताद, दोन वर्षांत काही कमी-जास्त बोललो असेन, त्रास दिला असेल. बोललं-चाललं माफ करा.”

“आईच्या दुधाइतकं तुला सारं माफ,” उस्ताद म्हणाले. शिंक आली की रुमाल निघतो तसं हे उत्तर निघतं. यात्रेला जाणारा, ऑपरेशनला जाणारा, सैन्यातल्या सक्तीच्या नोकरीवर निघालेला, सगळ्यांना हेच. विचार करून द्यायचं ते उत्तर नव्हेच.

मग दारात निरोप, जिन्यात निरोप, खिडकीतून वाकून गल्लीत निरोप. उस्ताद निरोपाला पक्के होते. पांढरी जुनी प्राइड गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांनी हात हलवला.

आत आले तेव्हा त्यांची बायको शहीन परातीत पीठ मळत होती.

“कुठं चाललाय तो?”

“सैन्यात असेल. पदवी झाली की बोलावतातच. नाहीतर मशहदला दर्शनाला.”

“विचारलंत?”

“त्यात विचारायचं काय?”

“माझ्याकडंही आला होता आत. माफ करा म्हणाला. मी म्हटलं, माफ माफ, हात भरलेत रे माझे, खोका तिकडं ठेव.” तिनं पीठ उलटं केलं. “खांदे कसे दिसत होते त्याचे, बघितलंत?”

“तो माझे बघतो,” उस्ताद म्हणाले. “मी त्याचे कधी बघितले नाहीत.”

तेवढ्यात फोन वाजला. विभागातल्या डॉ. फरंगीस मोआय्येरी. साडेसतरा गुणांचं अभिनंदन करायला. “आणि तुमचा मुलगा किती सुसंस्कृत हो! काल परीक्षा संपल्यावर माझ्या खोलीत आला, माफी घेऊन गेला. आजकालची पोरं कुठं एवढं पाळतात?”

“कुठं जातोय म्हणाला?”

“मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.”

उस्तादांनी विभागाचा शिक्के मारणारा कारकून नादिरलू याला फोन लावला. तोही म्हणाला, हो, येऊन गेला, काल सगळ्यांत आधी माझ्याकडंच. कुठं जातोय? ते कसं विचारणार उस्ताद, खासगी बाब.

आधी कारकून. मग फरंगीस. मग आपण आणि शहीन. आता उरला फक्त बाप. तिसरं प्रकरण ओळीनं चाललं होतं, आणि पुरावा मागणारे तेच होते.

कामयारचा फोन वाजत राहिला, उचलला नाही. उस्तादांनी पोलिसांचा नंबर फिरवला.

“पोरगा बेपत्ता आहे का?” पलीकडून विचारलं.

“नाही, आत्ता घरून गेला.”

“धमकी दिली?”

“नाही. माफी मागितली.”

“कुणाची?”

“सगळ्यांची.”

मग तो माणूस अदबीनं म्हणाला, “आईबापानं चांगलं वळण लावलंय. तक्रार काय आहे आपली?” उस्तादांनी तो शब्द उच्चारला, जो दोन वर्षं मथळ्यात घेतला नव्हता. तेव्हा त्यानं गाडीचा नंबर विचारला. नंबर उस्तादांना ठाऊक नव्हता.

असद आगांचं घर जुन्या बाजारामागं तिसऱ्या मजल्यावर होतं. उस्ताद आणि शहीन टॅक्सीनं पोचले तेव्हा दार उघडंच होतं आणि असद आगा मोज्यांवर उभे राहून कालचा बाकलावा डब्यात भरत होते.

“या या, तुमच्या पायांची धूळ लागली, घर पवित्र झालं! वर बसा, वर. खानूम, तुम्ही इथं. चहा—”

“कामयार कुठाय?”

“आत्ताच गेला. तेहरानला जातोय, कामाचं बघायला.” असद आगा चहाच्या समोवारकडं वळले. “मला म्हणाला, बाबा, माफ करा. मी म्हटलं, अरे गाढवा, तेहरानला तर चाललायस. पण माफ केलं. आईच्या दुधाइतकं. आई नाही तर मी काय—” त्यांनी पेल्यात पाणी ओतलं, ते बशीत सांडलं. “तीन साखरेचे खडे घ्या.”

उस्ताद इतकी वर्षं विषय फिरवून फिरवून शिकवत आले होते. आज त्यांना फिरवायला काही सापडेना. “असद आगा, तो तेहरानला गेलेला नाही. तो मरायला निघालाय.”

असद आगांनी पेला खाली ठेवला. ठेवला तो सरळ ठेवला, हे शहीनला पुढं कित्येक दिवस आठवत राहिलं.

“तुम्ही शिकलेली माणसं,” ते म्हणाले. “सगळीकडं पुस्तक दिसतं तुम्हाला.”

“सामान घेऊन गेला?”

असद आगा आतल्या खोलीत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. त्याची बॅग कपाटातच होती. बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगावर कोट होता. का घातला ते त्यांनाही माहीत नसावं. पुन्हा पुन्हा फोन लावत होते. रिंग वाजत होती.

“मी त्याला मोकळं केलं,” ते म्हणाले. “त्यानं मागितलं आणि मी मोकळं केलं.”

“तुम्ही एकट्यानं नाही. सगळ्यांनी. मी सुद्धा, दारापर्यंत पोचवून.” उस्ताद खाली बसले. मग म्हणाले, “असद आगा, माफी परत घेता येते का?”

“काय?”

“दिलेली माफी. परत.”

“तोबा करा! असं कुणी ऐकलंय?”

“माणसाचं येणं माणसानंच सोडावं लागतं, देव त्यात पडत नाही. बरोबर? म्हणून तर तो दारोदार फिरला. कुणाचं काही शिल्लक ठेवायचं नाही म्हणून. आपण शिल्लक ठेवू.”

शहीननं नवऱ्याकडं बघितलं. लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती आणि आज पहिल्यांदाच त्यांनी संदर्भाशिवाय काही म्हटलं होतं.

उस्तादांनी फोन तोंडाजवळ धरला आणि निरोप रेकॉर्ड करायला लागले. “कामयार जान—” थांबले. पुसलं. लाडाचं ‘जान’ काढलं. “कामयार. मी सालारवंद. दुपारी तुला माफ केलं म्हणालो, ते परत घेतो. तू दोन वर्षं मला एक गोष्ट सांगत होतास आणि सरळ न सांगता दोन साहित्यांचे दाखले देऊन सांगत होतास. मी मूर्ख आहे, हे तुला माहीत असायला हवं होतं. माहीत असून सांगितलं नाहीस. याबद्दल मी तुला माफ करत नाही. करणार नाही. समोर येऊन भांड.”

निरोप गेला. थोड्या वेळानं त्याच्यापुढच्या दोन खुणा निळ्या झाल्या. म्हणजे ऐकला. म्हणजे ऐकायला तो होता.

“फरंगीस खानूमना लावा,” शहीन म्हणाली.

डॉ. फरंगीस ऐकून घेईपर्यंत रडायला लागल्या. मग म्हणाल्या, “मला त्याचा कसलाच राग नाही ईरज आगा. काय परत घेऊ?”

“खोटं सांगा.”

“आणि तो गेलाच तर? हे ओझं घेऊन गेला तर? माणसाला जाता जाता कुणी असं बोलतं का? ते ओझं तुम्ही वाहणार आहात?”

“वाहीन.”

“मी नाही वाहू शकत. मी कुराण उघडून बसते. मला क्षमा करा.”

“करतो,” उस्ताद म्हणाले आणि फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःच्या जिभेची शिसारी आली.

नादिरलूला मात्र काही समजवावं लागलं नाही. “खरं सांगू उस्ताद? मी मनातून माफ केलंच नव्हतं. तोंडानं म्हटलं. कँटीनमध्ये हा माझी नक्कल करायचा. शिक्का मारताना मी फू करतो ना, तशी. सगळी पोरं हसायची. मी दाराआड उभा असायचो.”

“तेच सांग त्याला.”

“सगळं?”

“सगळं.”

नादिरलूनं चार मिनिटांचा निरोप पाठवला. त्यात कँटीन होती, फू होती, एकदा भरपावसात थांबवून ठेवलेला अर्ज होता, आणि शेवटी, ‘आता मी घरी फू करत नाही, बायको विचारते काय झालं, तिला काय सांगू?’ असं होतं. खुणा निळ्या झाल्या. नादिरलूनंच ते फोन करून कळवलं. निम्म्यातच कंटाळून कामयारनं बंद केला असेल का, हे त्या खुणा सांगत नाहीत.

शहीननं स्वतः होऊन फोन मागितला. “बाळा, माझ्या हाताला पीठ होतं, माझं लक्षसुद्धा नव्हतं तुझ्याकडं. त्याला माफी म्हणत नाहीत. ती घेऊन कुठं जाऊ नकोस, चालणार नाही ती.”

निळ्या खुणा.

खिडकीबाहेर अलवंद डोंगराच्या माथ्यावरचा बर्फ तांबूस झाला, मग राखाडी. पोलिसांचा एकदा फोन आला, गाडीचा नंबर घेतला, प्राइड गाड्या फार असतात म्हणाले. असद आगा कोट घालून भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी एकदाही फोन मागितला नव्हता.

“आता तुम्ही,” उस्ताद म्हणाले.

“माझ्याच्यानं होणार नाही.”

“असद आगा—”

“तुमचं ठीक आहे! तुमचा तो विद्यार्थी. दुसरा येईल पुढच्या वर्षी. मी बाप आहे. माझ्या तोंडचं शेवटचं वाक्य हे असावं? मी तुला माफ करत नाही?”

“शेवटचं वाक्य काय आहे आत्ता?”

असद आगांनी मान खाली घातली. सांगायची गरज नव्हती. शेवटचं वाक्य फार गोड होतं.

“आणि काय परत घेऊ?” ते हळूच म्हणाले. “तो कधी वाकडा शब्द बोलला नाही मला. डबे घासायचा. बस धुवायचा. काय धरून ठेवू त्याचं?”

“काहीच नाही?”

मग असद आगांनी हात पुढं केला. फोन त्यांना उलटा धरायची सवय होती, शहीननं तो सुलटा करून दिला.

“कामयार,” ते म्हणाले. आवाज मिनीबसमध्ये तिकिटाचे पैसे मागताना असतो तसा कोरडा. “आई गेली त्या दिवशी तू रडला नाहीस. चाळिसाव्या दिवसालाही नाही. लोकांना बशा देत फिरलास. मी एकटा रडलो, सगळ्यांसमोर, बायकांसारखा. तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालास, बाबा, चहा घेता का. ते मी विसरलेलो नाही. विसरणार नाही. आत्तापर्यंत सांगितलं नाही, आता सांगतो. माफ नाही. वर जाऊन आईला काय तोंड दाखवणार आहेस? नाही करत माफ.”

त्यांनी फोन जमिनीवर ठेवला आणि त्याच्यापासून थोडे लांब सरकले, जसं काही त्याला विंचू चिकटला होता.

खुणा निळ्या झाल्या.

मग काही झालं नाही. उस्तादांना आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या कथेचा शेवट नको होता. डोक्यात वाक्यं येत होती, सगळी प्रस्तावनेला चालणारी. त्यांनी ती एकेक करून हाकलली. फरंगीसचं म्हणणं खरं ठरलं तर, हा एकच विचार हाकलता येत नव्हता.

फोन वाजला.

असद आगांनी झडप घातली. पलीकडून इतक्या मोठ्यानं ओरडणं आलं, की उस्तादांना आणि शहीनला शब्दन्‌शब्द ऐकू आला.

“मी रडलो नाही? मी रडलो नाही म्हणता? बाथरूममध्ये नळ सोडून रडत होतो मी! रोज! तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून!”

असद आगांचं तोंड उघडं राहिलं. आई गेली त्या उन्हाळ्यात शहरात पाणी नव्हतं. टँकर यायचे, लोक घागरी घेऊन भांडायचे.

“तो नळ...” ते म्हणाले. “मी दारावर थापा मारल्या होत्या. नळ बंद कर म्हणून.”

“हो! मारल्या होत्या! पाणी वाया जातंय म्हणालात! म्हणून बंद केलं. तेव्हापासून बंदच आहे. आणि आता माफ करत नाही म्हणता? तुम्ही? तुम्ही मला?”

“कुठं आहेस तू?”

“तुम्हाला काय करायचंय!”

“गाढवा, कुठं आहेस?”

त्यानं सांगितलं नाही. शिव्या दिल्या. सभ्य मुलानं पहिल्यांदा दिलेल्या शिव्या, चुकीच्या जागी जोर देऊन. असद आगांनीही दिल्या, त्या मात्र अनुभवी होत्या. आईवरून भांडले, बसवरून भांडले, एका जुन्या सायकलवरून भांडले. शेजारचे जिन्यात आले. शहीननं त्यांना हातानं परत पाठवलं. भांडता भांडता पलीकडं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि उस्ताद फोनजवळ सरकले, कारण गाडी दोन्ही बाजूंना वळू शकते.

“फोन ठेवू नको!” असद आगा ओरडले. “अजून माझं संपलेलं नाही! सायकल तुझ्या आईनं विकली होती, मी नाही!”

“तुम्ही विकलीत!”

“ये आणि तोंडावर बोल!”

“येतोच!”

तो आला. तास उलटून गेला होता, फोनची बॅटरी वाटेतच संपली होती आणि मधली काही मिनिटं कुणी कुणाकडं बघितलं नव्हतं. जिन्यात पावलं वाजली. कामयार दारात उभा राहिला. बुटांना ओला चिखल होता. तो कुठला, हे कुणी विचारलं नाही आणि मग उस्तादांनी ठरवलं, की विचारायचंच.

“कुठं होतास?”

“शहराबाहेर.”

“मरायला निघाला होतास?”

शहीननं डोळे मिटून घेतले. असा प्रश्न घरात, पाहुण्यांसमोर, दारात उभ्या असलेल्या माणसाला कुणी विचारत नाही.

“हो,” कामयार म्हणाला. तो पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघत होता, आणि त्या नजरेत कृतज्ञतेचा लवलेश नव्हता. “तुम्हाला कुणी सांगितलं होतं मधे पडायला? सगळं नीट झालं होतं. सगळ्यांचं सगळं चुकतं केलं होतं. आता तो नादिरलू. त्याच्या घरी जाऊन काय सांगू मी? किती घाण करून ठेवलीत तुम्ही.”

“हो,” उस्ताद म्हणाले.

“आणि तुम्हाला वाटतं झालं आता? भांडलो म्हणजे झालं? सकाळी उठल्यावर तेच आहे सगळं. काहीच बदललेलं नाही.”

“नाही.”

“मग?”

कारण सिद्ध होत नव्हतं. बाजूला असद आगा उभे होते, मुलाला मिठी मारायला हात अर्धवट वर केलेले, आणि मारावी की थोबाडीत द्यावी हे न कळून तसेच राहिलेले. शेवटी त्यांनी कामयारच्या मुठीतून गाडीची किल्ली काढून घेतली. त्यानं ती सहज सोडली. दमलेल्या माणसाच्या हातातून वस्तू निसटते तशी.

“उद्या सकाळी डॉक्टरकडं जायचं,” उस्ताद म्हणाले. “डोक्याच्या. मी येतो.”

“नको. तुम्हाला कशाला त्रास.”

“त्रास आहेच.”

“खरंच नको उस्ताद. मी मनापासून सांगतो. येऊ नका.”

“मला माहीत आहे तू मनापासून सांगतोयस. मी येणार.”

कामयार आत गेला. बाथरूमचं दार लागलं. आत नळ सुटल्याचा आवाज येतो का म्हणून तिघंही कान देऊन उभे राहिले. आवाज आला नाही. कसलाच आवाज आला नाही. असद आगा पुढं झाले आणि दार न ठोठावता उघडून आत गेले.

शहीननं समोवार बंद केला. उस्ताद बाहेर जिन्यात आले, वरच्या पायरीवर बसले आणि घाईत पायातच राहिलेल्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले, कारण आज घरी जायचं नव्हतं.